आडवाटेची परवानगी

हल्ली सहलीची एक नवी तऱ्हा निघाली आहे. मोठ्या चाकांची दणकट जीप भाड्याने घ्यायची, बरोबर एक वाटाड्या घ्यायचा, आणि सकाळी निघून संध्याकाळपर्यंत डांबरी रस्ता सोडून अशा मुलखात हिंडायचे की जेथे एके काळी पृथ्वीच्या पोटातला लाव्हा वाहिला किंवा हिमनद्या सरकत गेल्या. आइसलंड देशात तर हा मोठा धंदाच झाला आहे. परदेशी गेलेल्या मुलाबाळांकडून अशा सहलीची छायाचित्रे येतात. काळा लाव्हा, पांढरा बर्फ, मध्ये जीप आणि जीपसमोर हसणारी नातवंडे. उपासनेनंतर आपण ती चारचौघांना कौतुकाने दाखवतो. त्यात वावगे काही नाही. परंतु या सहलीत एक प्रश्न दडलेला आहे आणि चाकांच्या धुरळ्यात तो सहसा दिसत नाही. जेथे रस्ता नाही तेथून गाडी नेण्याची परवानगी कोणी दिली?

हा प्रश्न दूरदेशचा आहे असे समजू नये. आदिलाबाद शहराच्या दक्षिणेस, नागपूर–हैदराबाद महामार्गाला लागून मावला हे गाव आहे. तेलंगणातील गाव खरे, पण या भागात मराठी बोलणारी घरे पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. या मावल्याहून सकाळी निघाल्यास एका दिवसात अग्नी आणि हिम या दोहोंच्या खुणा पाहून परत येता येते. त्यासाठी ना पासपोर्ट लागतो, ना लोकरीचे कपडे. आपल्या तरुण संघांना आणि शब्बाथशाळेच्या शिक्षकांना हे ठाऊक नसते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

प्रथम अग्नीचे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून लाव्हाचे थरावर थर पसरले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याखाली आहे. सह्याद्रीकडे त्याची जाडी मोठी. आदिलाबाद–चंद्रपूरकडे मात्र त्या पसाऱ्याची पूर्वेकडील कड येते. येथे काळ्या फत्तराचा थर पातळ होत जातो आणि फाटक्या गोधडीतून आतले जुने लुगडे दिसावे तसे खालचे जुने खडक मधून मधून डोके वर काढतात. हा फत्तर कुजून झालेली काळी माती म्हणजेच आदिलाबादची कापसाची जमीन. तेव्हा ज्वालामुखीचा प्रदेश पाहण्यासाठी फार लांब जायला नको; पऱ्हाटीच्या शेतात उभे राहिले तरी पुरे.

आता हिमाचे. पैनगंगा ओलांडून बेला–कोरपना रस्त्याने चंद्रपूरच्या बाजूला गेले की चुनखडकाचा मुलूख लागतो. तेथील सिमेंटचे कारखाने याच दगडावर चालतात. या भागात इरई गावाजवळ चुनखडकाची एक जुनी फरशी उघडी पडलेली आहे. ती गुळगुळीत घासलेली असून तिच्यावर समांतर ओरखडे आहेत; पाट्याला टाकी लावताना हात एकाच दिशेने चालावा तसे. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी ही भूमी दक्षिण ध्रुवाच्या बाजूस होती, तेव्हा सरकत्या बर्फाने पोटात धरलेल्या दगडांनी हे ओरखडे काढले. वर बारीक चिकणमातीत लहानमोठे धोंडे वेडेवाकडे रुतलेले आढळतात. वाहते पाणी दगड निवडते, चाळते, जड ते मागे ठेवते. बर्फ निवड करीत नाही, सापडेल ते ओढत नेतो. या एका गोष्टीवरून जाणकारांनी ओळखले. ओरिसातील तालचेर येथे असेच धोंडे पाहून ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी १८५६ साली म्हटले की हे बर्फाचे काम असावे. हिंदुस्थानच्या उन्हात बर्फ? हे ऐकणाऱ्याला पटणे कठीणच होते. पुढे फेडन यांनी इरईची ही घासलेली फरशी पाहिली आणि १८७५ साली तिच्याविषयी लिहिले, तेव्हा त्या म्हणण्याला बळकटी आली. त्या हिमाच्या थरांच्या वर बल्लारपूर–घुग्गुसचा दगडी कोळसा आहे आणि त्याच्याही नंतरचा आपला काळा फत्तर.

(वर्षांचे हे आकडे वाचून काही वाचक अडखळतील. सृष्टीच्या वयाचा वाद येथे काढायचा नाही. त्याला दुसरा अंक लागेल.)

म्हणजे सहल उत्तम आहे. अडचण येते ती रस्त्याबाहेर. महामार्ग सरकारचा आहे, कोणीही जावे. गावरस्ता गावाचा आहे, त्यावरूनही जावे. परंतु इरईसारख्या ठिकाणी, किंवा एखाद्या टेकडीच्या उघड्या कड्याकडे जायचे म्हणजे शेवटचा टप्पा पांदणीचा, नाल्याच्या पात्राचा किंवा सरळ कोणाच्या तरी शेताचा असतो. मराठीत वहिवाट हा फार सुंदर शब्द आहे. पायांनी आणि बैलगाड्यांनी वर्षानुवर्षे वाहती ठेवली ती वहिवाट. तिच्यावरचा हक्क कागदापेक्षा वापराने आणि शेजाऱ्यांच्या संमतीने आलेला असतो. आज सकाळी प्रथमच आलेल्या जीपला तो कोठून येणार? उन्हाळ्यात रान मोकळे दिसते म्हणून ते बेवारशी नसते. वखरलेल्या जमिनीवरून चाक गेले की माती दाबून बसते, धुरा फुटला की पहिल्या पावसात माती वाहून जाते, आणि नाल्याच्या ज्या डोहात जीपचे चाक फिरवून पाण्याचे फवारे उडवायचे, त्यात दुपारी कोणाची तरी गुरे पाणी पितात. हे नुकसान कोणी मोजत नाही, कारण करणारा संध्याकाळी शहरात परत गेलेला असतो.

आइसलंडच्या लोकांनी या प्रश्नाचा विचार आपल्याआधी केला आहे. त्यांच्या कायद्याने रस्ता सोडून मोकळ्या जमिनीवर मोटार चालवण्यास मनाई आहे आणि मोडणाऱ्याला दंड होतो. हिमनदीवर, किंवा जमीन गोठून वर बर्फ साचलेले असेल तेव्हा, मात्र चालवता येते. कारण तेथे उठलेली खूण बर्फाबरोबर जाते, तर लाव्हावर उगवलेल्या शेवाळावर उठलेली चाकोरी भरून यायला कित्येक दशके लागतात. चांगला नियम आहे. आपल्याकडे साताऱ्याच्या कास पठारावरही मातीचा थर कातळावर इतका पातळ आहे की फुलांच्या दिवसांत माणसांची संख्या मर्यादित ठेवावी लागली.

परंतु खूण राहते की नाही एवढ्याने प्रश्न सुटतो असे मला वाटत नाही. आइसलंडमधील लाकी येथे १७८३ च्या जूनमध्ये जमीन फाटली आणि महिनोन् महिने लाव्हा वाहत राहिला. विषारी राखेने गवत नासले, गुरे मेली आणि पुढच्या दुष्काळात त्या देशाची सुमारे पंचमांश माणसे गेली. त्याच वर्षी २० जुलैला लाव्हा चर्चच्या दिशेने येत असताना योन स्टाइनग्रिमसन या पाळकाने आपल्या मंडळीला आत बसवून उपासना चालवली. लाव्हा अलीकडेच थांबला, आणि ती उपासना तेथे अद्याप अग्नीची उपासना म्हणून सांगितली जाते. आज त्या लाव्हावर सहली जातात. जाऊ नये असे नव्हे. मात्र ज्या दगडापुढे उभे राहून आपण छायाचित्र काढतो, त्याच्याखाली कोणाचे कुरण होते हे वाटाड्याने सांगितले तर ते ऐकून घेण्याइतके थांबावे की नाही? देखावा असा सुटा कधी नसतो. त्यात कोणीतरी राहत असते किंवा राहिलेले असते.

आदिलाबादला हे फारच लागू आहे. हिमाच्या काळातील त्या प्राचीन महाभूमीला भूशास्त्रज्ञांनी गोंडवन हे नाव दिले, ते गोंडांच्या देशावरून. साऱ्या जगाच्या पाठ्यपुस्तकांत ज्यांचे नाव गेले, त्या गोंडांना स्वतःच्या रानात पाऊल टाकण्यासाठी भांडावे लागले. पाणी, जंगल आणि जमीन यांच्या हक्कासाठी उभा राहिलेला कुमरम भीम १९४० साली जोडेघाटात निजामाच्या पोलिसांकडून मारला गेला. इंद्रवेल्लीत २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या मागणीसाठी जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. मावल्याहून महामार्गाने थोडे दक्षिणेस जाऊन पूर्वेकडे वळले की इंद्रवेल्ली लागते. त्याच बाजूस केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. तिच्यासाठी मेसराम कुळातील लोक ठरलेल्या वाटेने पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. त्यांची श्रद्धा आपली नव्हे, हे सांगायला नकोच. पण त्या मुलखातून कसे जावे हे त्यांना ठाऊक आहे, आणि आपल्या जीपला ठाऊक नाही, हे मान्य करायला काय हरकत आहे?

पवित्र शास्त्रात या प्रश्नाला जवळ जाणारे प्रसंग गणनेच्या पुस्तकात आहेत. कादेशाहून मोशेने अदोमाच्या राजाकडे जासूद पाठवले. त्याने मागितली ती केवळ जाऊ देण्याची परवानगी. आम्ही शेतातून किंवा द्राक्षमळ्यातून जाणार नाही, विहिरीचे पाणी पिणार नाही, राजमार्ग सोडून उजवीडावीकडे वळणार नाही, असे त्याने आपण होऊन कबूल केले. पुढे पाणी प्यालो तर दाम देऊ असेही म्हटले. अदोमाने साफ नाही म्हटले आणि शस्त्रे घेऊन बाहेर पडला. इस्राएल लोक संख्येने कमी नव्हते. तरी ते वळले आणि लांबच्या वाटेने गेले. हा उतारा शब्बाथशाळेत बहुधा अदोमाच्या कठोरपणाबद्दल शिकवला जातो. माझे लक्ष मात्र दरवेळी मोशेच्या यादीकडे जाते. शेत, मळा, विहीर. दुसऱ्याच्या मुलखातून जाताना कशाला धक्का लागू शकतो हे ज्याला आधीच सुचते, त्याने तो मुलूख रिकामा मानलेला नाही.

दुसरा प्रसंग वाटाड्याचा. इस्राएलापुढे मेघ चालत होता. तरी मोशेने होबाब मिद्यानी यास विनवले की रानात कोठे तळ द्यावा हे तुला माहीत आहे, तू आमचे डोळे हो. होबाब प्रथम नाही म्हणाला. मोशेने पुन्हा विनवले आणि जे बरे आम्हांला मिळेल त्यात तुझाही वाटा, असे वचन दिले. मजुरी ठरवली असे तेथे नाही. वाटा म्हटले आहे. आपल्या सहलीत वाटाड्याला काय मिळते? बहुतेक वेळा पैसा जीपमालकाकडे जातो, आणि ज्या गावच्या पोराने नाल्याची वाट दाखवली त्याला शंभराची नोट नि उरलेली भाजी–पोळी. शिवाय त्याचे ऐकले जातेच असे नाही. तो म्हणतो, पुढे ओल आहे, गाडी नेऊ नका. आतले चौघे म्हणतात, अरे, पैसे कशाचे दिले? वाटाड्याला नाही म्हणण्याचा अधिकार नसेल तर तो वाटाड्या राहत नाही. तो गाडीतले एक ओझे होतो.

याला एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. सगळ्यांना चालता येत नाही. तीस वर्षे मुलांना उत्पत्तीचा पहिला अध्याय शिकवलेली, आता गुडघ्यांनी थकलेली एखादी शिक्षिकाबाई असेल, तर तिला त्या घासलेल्या फरशीपर्यंत नेणारी जीप ही दयाच म्हणावी. तरुणांनी पायी जावे आणि बाईंसाठी गाडी मागावी. शेतकऱ्याला कारण सांगितले तर तो सहसा आडवा येत नाही, उलट स्वतः पुढे होऊन काटेरी कुंपण बाजूला करतो. सहलीमुळे गावात चार पैसे येतात हेही खरे आहे. म्हणून मी बंदीच्या बाजूचा नाही. माझा आग्रह विचारण्याचा आहे. आणि विचारणे म्हणजे नकार आला तर माघारी फिरण्याची तयारी ठेवणे. ती नसेल तर विचारणे हे नुसते कळवणे झाले.

कोणी हुशार तरुण म्हणेल की हिमनदीने कोणाला विचारले होते? तिने तर धोंडे ओढत नेऊन खडक ओरबाडला आणि आज आपण तेच पाहायला जातो. बरोबर आहे, तेव्हा विचारायला कोणी नव्हते.

दगड उचलून आणण्याचाही मोह होतो. एका बाजूने सपाट घासलेला, ओरखडे उमटलेला धोंडा वर्गात दाखवायला किती छान! पण तो ज्या मातीत रुतलेला आहे तीतच त्याची साक्ष आहे. तेथून काढला की तो कपाटावरचा एक दगड. चित्र काढावे, मापे घ्यावीत; मुलांना ते अधिक लक्षात राहते.

जायचे असेल तर हिवाळा बरा. पावसाळ्यात काळी माती चाक सोडत नाही. आदल्या आठवड्यात दोघांनी पुढे जाऊन ज्यांच्या शिवारातून जायचे त्यांना भेटावे. कापसाची वेचणी चालू असेल तर तारीख बदलावी. गावाबाहेर गाडी झाडाखाली लावावी, पाणी घरून न्यावे, डबा वाटाड्यासह सात-आठ जणांना पुरेल असा घ्यावा, आणि फरशीवर चढण्यापूर्वी बूट काढावेत, कारण बुटाच्या तळाला चिकटलेली वाळू चुनखडकावर ओरखडे काढते.