केबलची नियत आणि माणसाची

प्लेअरपासून टीव्हीपर्यंत जाणारी एचडीएमआय केबल असते हातभर, पण तिच्यात अखंड उलटतपासणी चाललेली असते. चित्राची नक्कल रोखण्यासाठी इंटेलने आखलेल्या एचडीसीपी या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक उपकरणाच्या पोटात 56 बिटांच्या 40 गुप्त किल्ल्या असतात. दोन्हीकडचे गणित जुळले तरच चित्र उमटते. आणि एकदा जुळून भागत नाही, दर 128 फ्रेमनंतर, म्हणजे साधारण दोन सेकंदांनी, पुन्हा विचारणा होते. या पहाऱ्याने कोणी प्रामाणिक होते का? मला नाही वाटत. पतंजलीने अस्तेय, म्हणजे चोरी न करणे, यमांमध्ये घातले. हात पोचत असूनही आवरला, तर ते अस्तेय. हातच बांधून टाकले की उरते ती नुसती अडचण. शिवाय केबल तपासते ती यंत्राची आज्ञाधारकता, माणसाची नियत नव्हे. पदरचे पैसे मोजून डिस्क आणणारा आणि चोरटा तिच्या लेखी एकच. नियत पाहणे कायद्याला जमते, निदान आपल्याकडे: 2012 च्या दुरुस्तीने आलेले कॉपीराइट कायद्याचे 65अ कलम कुलूप तोडण्यामागे हक्कभंगाचा हेतू होता का, हे विचारते. अमेरिकेचा 1998 चा डीएमसीए हा कॉपीराइट कायदा त्या मानाने कठोर. त्याच्याच धास्तीने नील्स फर्ग्युसन या डच तज्ज्ञाने 2001 मध्ये एचडीसीपीतले दोष सापडूनही प्रसिद्ध केले नाहीत. चोरी सोडाच, नुसते बोलणेही जोखमीचे झाले.

कोणी म्हणेल, घराला आपण कुलूप लावतोच की. लावतो, पण त्याची किल्ली आपल्या खिशात असते. इथे घर माझे, टीव्ही माझा आणि किल्ली परक्याच्या हाती. कलावंताच्या पोटाचा मुद्दा अधिक वजनदार आहे. चित्रपट फुकट वाटला गेला तर पुढचा निघायचा कसा? हे कुलूप आळशी चोराला थोपवते, एवढे श्रेय मी देईन. कसलेल्याला मात्र ते कधीच पुरे पडले नाही. सप्टेंबर 2010 मध्ये सगळ्या किल्ल्या जिच्यातून घडतात ती मूळ किल्लीच इंटरनेटवर उघडी पडली, आणि ती खरी असल्याचे इंटेलनेही मान्य केले. तरी पहारा उठला नाही. 2013 मध्ये 2.2 ही आवृत्ती आली, आणि 4के चित्रासाठी ती सक्तीची होताच, तिची भाषा न कळणारे धडधाकट जुने एव्ही रिसीव्हर दारातच अडले. त्यांच्या मालकांनी काही चोरले होते का, हे विचारायची सोय त्या केबलमध्ये नव्हती.