गळती कुठून सुरू होते?

दिवाळीनंतर उमरीला गेलो तेव्हा ट्रॅक्टरचं स्टिअरिंग जड झालं होतं. पॉवर स्टिअरिंगचं ऑइल कमी, पुढच्या एक्सलखाली डाग. "दगडावर घातला असेल," असं आमच्या सालगड्याबद्दल मी अण्णांना सांगून मोकळा झालो. काका तिथेच होते. बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाइप, नट सगळं पुसून कोरडं केलं, वर पावडर मारली. इंजिन चालू करून काकांनी स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवलं. ओल पहिल्यांदा दिसली ती वर, पंपाच्या नटापाशी. ऑइल पाइपवरून ओघळत एक्सलवर येत होतं. तो नट दिवाळीत मीच आवळला होता, गरजेपेक्षा जास्त. वायसर चेपला होता.

आमच्या कामात कोडची ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणारी कमांड असते. तिचं नावच 'ब्लेम'. दोष शोधायचा तर आधी पुसावं लागतं, वाट पाहावी लागते. दोषी मात्र लगेच सापडतो. बहुतेकदा ज्याला उलट बोलता येत नाही तोच.

नवा वायसर तासाभरात बसला. "चूक माझी होती, काका" म्हणायला संध्याकाळ झाली. अण्णांसमोरच म्हणालो. आरोप त्यांच्यासमोरच केला होता.