आपसातला ताळा

भोसरीच्या एमआयडीसीत कुठल्याही बऱ्या कारखान्यात मायक्रोमीटरवर चिठ्ठी चिकटवलेली असते: कॅलिब्रेशन कधी झालं, पुढचं कधी. दहा मायक्रोमीटर एकमेकांशी जुळले म्हणून कोणी ते पास करत नाही. मास्टर लागतो, आणि त्या मास्टरचीही तपासणी लागते.

दिशादर्शक उपग्रहांचं दुखणं हेच. ते आपसातली अंतरं बारकाईने मोजू शकतात. पण जमिनीशी संपर्क तुटला आणि सगळा ताफा मिळून जरासा वळला, तर त्यांना ते कधीच कळणार नाही. अंतरं तीच राहतात. एकमत पूर्ण, आणि दिशा सगळ्यांचीच चुकलेली.

एकोणिसाव्या शतकात गणिती केरूनाना छत्र्यांनी पंचांगातला असाच दोष धरला. ‘ग्रहलाघव’ या जुन्या ज्योतिषग्रंथावरून केलेली पंचांगं एकमेकांशी जुळत, आकाशाशी जुळत नसत. आकाशालाच प्रमाण मानायला धैर्य लागतं. केरूनानांचा मोठेपणा मला त्यात दिसतो.

उपग्रहांसाठी आज प्रमाण आहेत ते क्वेसार, म्हणजे अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या आकाशगंगांचे तेजस्वी गाभे. वेगवेगळ्या खंडांतल्या रेडिओ दुर्बिणी एकाच वेळी त्यांच्याकडे पाहतात, आणि पृथ्वी किती फिरली ते ठरतं. पण हा हिशेब हाती येतो मागाहून. उपग्रहाला आकडा हवा असतो आत्ताचा. मधली जागा भाकिताने भरायची. आपल्या ‘नाविक’ या दिशादर्शक उपग्रहमालिकेच्या संदेशातही या आकड्यांसाठी जागा राखलेली आहे.

चाकणची जमीन सेकंदाला सुमारे ४४० मीटर पूर्वेला धावते. भाकीत एका मिलिसेकंदाने चुकलं, तर जागा ४४ सेंटिमीटरने चुकते. तळेगाव चौकात अडकलेल्या कंटेनरला ते किरकोळ. बांधाच्या मोजणीत तेवढ्यावर भावकीत कोर्टकचेरी होते.

पृथ्वीच्या फिरण्यावर होणाऱ्या चंद्राच्या ओढीच्या परिणामाचं गणित बसतं. वाऱ्याचं बसत नाही. पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांचा जोर वाढला की पृथ्वी किंचित मंदावते, ओसरला की वेग घेते. ५ जुलै २०२४ चा दिवस २४ तासांना सुमारे १.६६ मिलिसेकंद कमी पडला. दोन आठवड्यांनंतरचा वारा ज्याला सांगता येत नाही, त्याला तेव्हाची पृथ्वीही नेमकी सांगता येत नाही.

अक्षही एका जागी राहत नाही. ध्रुव काही मीटरांच्या घेऱ्यात फिरत असतो. त्यात आता आपली भर. १९९३ ते २०१० या काळात माणसाने उपसलेल्या भूजलाने ध्रुव सुमारे ८० सेंटिमीटर सरकवला, असं २०२३ च्या एका अभ्यासात निघालं. त्यात वायव्य भारतातल्या उपशाचा वाटा मोठा आहे. चंद्र आणि वारा यांच्या जोडीला बोअरवेलचा पंपही आता त्या गणितात धरावा लागतो.