चूक कुणाच्या खात्यावर?

आदॉल्फ केटले हा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ. एकाच ताऱ्याची जागा दहा निरीक्षकांनी नोंदवली की दहा आकडे थोडे थोडे वेगळे येतात. त्यांची सरासरी काढली की खऱ्या जागेच्या जवळ जाता येते. केटलेने 1835 साली हीच रीत माणसाला लावली. पुढे पाच हजारांवर स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या मापांवरून त्याने सरासरी काढली आणि तीच निसर्गाला अभिप्रेत असलेली छाती मानली. मग प्रत्यक्षातला हाडामांसाचा सैनिक कोण? तर निसर्गाच्या हातून झालेली छोटीमोठी चूक. मला हा विचार विलक्षण आणि काहीसा भीषण वाटतो, कारण पुढची शंभरेक वर्षे कारखान्यांनी आणि सैन्यांनी तो जवळजवळ जसाच्या तसा वापरला.

अमेरिकी लष्कराने 1926 मध्ये वैमानिकांच्या सरासरी मापांवर विमानाचे कॉकपिट बेतले. पुढे विमाने वेगवान झाली, अपघात वाढले. आधी दोष वैमानिकांना दिला गेला. मग शंका आली, की नवी पिढी अंगापिंडाने थोराड झाली असावी. म्हणून 1950 साली ओहायोतल्या हवाई तळावर चार हजारांहून अधिक वैमानिकांची नव्याने मापे घेतली, अगदी अंगठ्याच्या लांबीसकट. त्या कामावरचा तरुण लेफ्टनंट गिल्बर्ट डॅनियल्स याने कुणी न विचारलेला प्रश्न विचारला: यांतले सरासरी असे आहेत तरी किती? कॉकपिटसाठी महत्त्वाची दहा मापे त्याने निवडली आणि प्रत्येकात मधल्या तीस टक्क्यांत बसणारा तो सरासरी, अशी बरीच सैल अट ठेवली. 4,063 वैमानिकांपैकी दहाही मापांत बसणारा एकही निघाला नाही. कुणाचे हात लांब, तर पाय आखूड. कुणाची छाती रुंद, तर कंबर बारीक. कॉकपिटमधली आसने आणि पट्टे ज्याच्या त्याच्या मापाला जुळवता यावेत, हा आग्रह या शोधातून आला. आज गाडीत बसल्यावर आपण सहज सीट सरकवतो, ती सोय याच विचाराच्या घराण्यातली.

त्याआधी, दुसऱ्या महायुद्धात, मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चपानिस याने बी-17 बॉम्बर विमानाचा एक प्रश्न सोडवला होता. विमान उतरल्यावर वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटायला जात आणि हात पडे चाके वर घेणाऱ्या खटक्यावर. विमान पोटावर आपटे. दोन्ही खटके शेजारी शेजारी आणि दिसायला सारखे होते. चपानिसने एका खटक्याला रबरी चाकाचा आकार दिला, दुसऱ्याला पाचरीचा. अंधारात, थकव्यातही बोटांना फरक कळू लागला. पुढे 1947 मध्ये फिट्स आणि जोन्स या संशोधकांनी अशा 460 चुकांचा अभ्यास केला. ‘वैमानिकाची चूक’ या शिक्क्याखाली खटक्यांची, मांडणीची चूक कितीदा दडलेली असते, हे त्यातून उघड झाले. डिझाइन-संशोधनाचा खरा जन्म मी इथे मानतो: चूक माणसाच्या खात्यावरून वस्तूच्या खात्यावर गेली.

अमेरिकी डिझाइनर हेन्री ड्रायफस याने मग ‘जो’ आणि ‘जोसेफिन’ ही पुरुष-स्त्रीच्या मापांची जोडी आपल्या पुस्तकातून घरोघरच्या वस्तूंपर्यंत नेली. पण मापे कितीही घेतली तरी गुडघा दुखताना पायरी कशी वाटते हे टेप सांगत नाही. 1979 मध्ये सव्वीस वर्षांची डिझाइनर पॅट्रिशिया मूर म्हातारीच्या वेशात बाहेर पडली. वेश नुसता रंगरंगोटीचा नव्हता: धूसर चष्मा, कानांत बोळे, सांध्यांना पट्ट्या. तीन वर्षे ती अधूनमधून अशी वावरली. यावर आक्षेप घेता येतो; संध्याकाळी पट्ट्या सोडता येणारे म्हातारपण पुरते म्हातारपण नव्हे. तरी टेबलाशी बसून सर्वेक्षणाचे कागद भरून घेण्यापेक्षा ते कितीतरी प्रामाणिक होते.

भारतात हा विचार लोट्यातून आला. अमेरिकी डिझाइनर चार्ल्स आणि रे ईम्स यांनी भारताविषयीच्या 1958 च्या अहवालात लोट्याविषयी जे प्रश्न मांडले — भरलेला असताना तोल कुठे जातो, कमरेवर कसा बसतो, हाताला कसा लागतो — ती संशोधनाची उत्तम प्रश्नावलीच आहे. त्याच अहवालाच्या शिफारशीवरून अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था 1961 मध्ये सुरू झाली, पवईच्या आयआयटीतले औद्योगिक डिझाइन केंद्र 1969 मध्ये. पवईच्याच ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी मतदान यंत्राला रूप दिले. नाव आणि चिन्हाशेजारी बटण, दाबले की लाल दिवा आणि ‘बीप’ आवाज: अक्षरओळख नसलेल्या मतदाराला अडाणी ठरवायची सोयच त्यात ठेवलेली नाही.

आज मात्र डिझाइनरांमध्ये खऱ्या वापरकर्त्यांच्या जागी ‘पर्सोना’ नावाची कागदी माणसे बनवण्याची टूम आहे. प्रत्यक्ष भेटीगाठींतून उभी राहिली तर ती उपयोगी पडतात. एरवी तो केटलेचाच सरासरी माणूस, नाव आणि फोटो चिकटवून आणलेला.

देवकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय शरीरमापांवरचे पुस्तक 1997 पासून उपलब्ध आहे. दाराची उंची उंच माणसावरून ठरवावी आणि फळीची उंची बुटक्या माणसावरून, हे साधे गणित अशा मापांमुळेच आकड्यांत मांडता येते. स्वयंपाकघराचा ओटा एकाच उंचीवर शेकडो फ्लॅटमध्ये ठोकणाऱ्या बिल्डरांनी ते पुस्तक एकदा उघडावे. आणि घर घेणाऱ्यांनीही, ओट्याशी जे कुणी रोज उभे राहणार त्यांना समोर उभे करूनच ग्रॅनाइट बसवून घ्यावा.