पाचवे कारण

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे गणली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. दैवाला अखेरचे स्थान मिळाले, ही केवळ छंदाची सोय असेल असे मला वाटत नाही.

पनवेल येथे तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाची सागरी तंत्रज्ञानाची संस्था आहे. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर, मुंबई हाय या तेलक्षेत्राच्या समुद्रात पोलादी पायांवर उभ्या असलेल्या प्लॅटफॉर्मांचा हिशेब मांडताना शंभर वर्षांत सरासरी एकदा उठणारी लाट गृहीत धरावी लागते; म्हणजे दैवालाही दस्तऐवजात आकड्याने हजर राहावे लागते.

आपल्या समुद्रात बर्फ नाही. परंतु दैव कोठे सुरू होते, हा प्रश्न उत्तरेकडील हिमाच्छादित समुद्रांत अधिक तीव्रतेने उभा राहतो. वाहत आलेला हिमपट खांबाला भिडला असता भार किती येईल, याचे उत्तर एकट्या बर्फात नसते आणि एकट्या खांबातही नसते. गती अगदी मंद असेल तर बर्फ मेणासारखा दबत जातो, वेगवान असेल तर ठिसूळपणे फुटतो, आणि या दोहोंमधील एखाद्या गतीला त्याच्या फुटण्याची लय खांबाच्या स्वाभाविक कंपनाशी जुळून सारी इमारत थरथरू लागते. १२ एप्रिल १९८६ रोजी ब्यूफोर्ट समुद्रातील ‘मोलिकपाक’ या तेलशोधाच्या प्रचंड बांधकामावर हेच ओढवले. त्याच्या पोटातील वाळूचा काही भाग द्रवासारखा झाला, आणि त्या दिवशी आलेल्या भाराचा आकडा पुढील फेरगणनेत पुष्कळ खाली आला. याउलट कॅनडातील १९९७ च्या कॉन्फेडरेशन पुलाच्या खांबांना पाण्याच्या पातळीशी शंकूचा आकार दिलेला आहे, त्यामुळे हिमपट चिरडला न जाता वाकून मोडतो. आणि वाकवून मोडण्यास बळ बरेच कमी लागते. बर्फ तोच असतो, पण अधिष्ठान बदलले की आघातही बदलतो.

म्हणून दैव म्हणजे बाहेरून चालून येणारी परकी सत्ता, ही आपली रूढ कल्पना मला अपुरी वाटते. आघाताचा मोठा हिस्सा आपल्याच रचनेतून जन्मतो.

२७ जुलै २००५ रोजी ऐन पावसाळ्यात एक जहाज मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर आदळले, तेलवायूची उभी नळी फुटली, आग लागली आणि २२ माणसे गेली. त्या दिवशी समुद्र खवळलेला होता, हे खरे. परंतु नळीची जागा कोणती असावी, तिचे कवच किती मोठ्या जहाजाचा धक्का सोसेल, आणि अशा हवेत जहाजाने वाऱ्याच्या कोणत्या बाजूने जवळ यावे, हे तिन्ही प्रश्न पहिल्या चार कारणांचे आहेत, आणि पाचव्याचे नाव घेण्याआधी त्यांची उत्तरे मृतांच्या घरच्यांना द्यावी लागतात.