होल्याची शिकार : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

ऑस्ट्रेलियात दोन जातींचे होले माणसाने आणून सोडले. महाराष्ट्रात शेताच्या बांधावर दिसणाऱ्या ठिपकेदार होल्याचा भाईबंद १८६०च्या दशकात वसाहतवाल्यांनी मेलबर्नकडे आणला. छोटा तपकिरी होला १८९८ साली पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून मोकळा सोडला गेला. देशी कबुतरांना तिथे कायद्याचे संरक्षण आहे, या उपऱ्यांना सहसा नाही. शिकारीच्या बंदुकांवर मात्र निर्बंध आले. २८ एप्रिल १९९६ रोजी टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे एका बंदूकधाऱ्याने ३५ माणसे मारली. त्यानंतरच्या राष्ट्रीय करारात आपोआप भरणाऱ्या बंदुका आणि पंपाच्या छऱ्याच्या बंदुका सर्वसाधारण शिकाऱ्याच्या हातून गेल्या. एकनळी आणि जोडनळी मात्र सर्वांत सौम्य, ‘अ’ वर्गात राहिल्या. त्यामुळे आजोबा-पणजोबांची बारा बोअरची जोडनळी घेऊन होला मारणे परवानाधारकाला शक्य आहे. ते योग्य आहे का, हा वाद.

पूर्वपक्ष : जुनी जोडनळी शिकाऱ्याला आवर घालते. दोन बार झाले की बंदूक उघडा, रिकामी काडतुसे काढा, नवी भरा. तोवर पक्षी पार निघून जातो. शिकारीत पक्ष्यालाही संधी मिळते.

उत्तरपक्ष : हा आवर बारांच्या संख्येला आहे, जखमेला नाही. छरे पसरत जातात. अंतर वाढले की मधला भाग विरळ होतो आणि एखादाच छरा लागलेला होला उडत जाऊन झुडपात मरतो. निसटलेल्या पक्ष्याला संधी मिळाली म्हणता येईल. जखमी झालेल्याला काय मिळाले?

पूर्वपक्ष : तो दोष नेमबाजाचा. जवळून, नीट नेम धरणारा तसे होऊ देत नाही.

उत्तरपक्ष : काही अंशी खरे. पण हत्याराच्याही अडचणी आहेत. शिशाचे छरे जमिनीवर पडतात, दाणे समजून इतर पक्षी ते गिळतात आणि विषबाधेने मरतात. पोलादी छरे जुन्या, पातळ नळीला सोसत नाहीत. तोंडाशी घट्ट केलेली नळी त्यांनी फुगू शकते. बिस्मथचे छरे मऊ असल्याने चालतात, पण महाग पडतात. कित्येक जुन्या बंदुकांचे काडतुसाचे घर ६५ मिलिमीटरचे असते. त्यात आजचे ७० मिलिमीटरचे काडतूस घालणे धोक्याचे. म्हणजे हौस निभवायला आधी बंदुकीची काळजी घ्यावी लागते, पक्ष्याची मागाहून.

पूर्वपक्ष : होला उपरा आहे. धान्याच्या कोठाराभोवती नासाडी करतो. त्याला मारणे ही भूमीची सेवाच.

उत्तरपक्ष : इथे दोन समर्थने एकमेकांना छेद देतात. उपद्रव कमी करायचा असेल तर जास्तीत जास्त परिणामकारक साधन हवे. पक्ष्याला संधी द्यायची असेल तर मुद्दाम कमी परिणामकारक. एकाच बारातून दोन्ही पुण्ये पदरात पडत नाहीत. शिवाय ठिपकेदार होला प्रामुख्याने शहरे, बागा, उपनगरे यांत राहतो, जिथे बंदूक चालवता येत नाही. शेतावर मारलेल्यांची जागा नवे घेतात. सांडलेले दाणे झाडून कोठार बंद ठेवणे अधिक उपयोगाचे. आणि उपरेपणा हा पक्ष्याचा अपराध नव्हे. आणणारा माणूस होता. त्यातून माणसाची जबाबदारी निघते, पक्ष्याची शिक्षा नाही.

पूर्वपक्ष : मग मांस खाणाऱ्यांचे काय? मोकळा जगून क्षणात मेलेला होला पिंजऱ्यातल्या कोंबडीपेक्षा बरा.

उत्तरपक्ष : हा मुद्दा वजनदार आहे. मेलबर्नमध्ये जन्मलेले तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांच्या १९७५च्या ‘ॲनिमल लिबरेशन’ या ग्रंथातही कारखानी पशुपालनावर मोठा रोख आहे. पण ही तुलना खाण्यासाठी मारणाऱ्यालाच लागू पडते, आणि तीही मरण खरोखर झटपट आले तर. जुन्या बंदुकीच्या हौसेला तिचा आधार मिळत नाही.

पूर्वपक्ष : कसब आणि वारसा यांना काहीच किंमत नाही?

उत्तरपक्ष : आहे, पण त्यासाठी जीव लागत नाही. १९०० साली पॅरिसला ऑस्ट्रेलियाचा डोनाल्ड मॅकिन्टॉश जिवंत कबुतरांवरच्या नेमबाजीत झळकला. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये रसेल मार्क याने एकाच वेळी सुटणाऱ्या मातीच्या दोन चकत्या फोडण्याच्या प्रकारात सुवर्णपदक मिळवले. कसब टिकले, पक्षी वाचले.

सिद्धान्त : जोडनळीचा संयम ‘कसे मारावे’ याविषयी थोडे सांगतो, ‘मारावे का’ याविषयी काहीच नाही. शेताचे खरे नुकसान होत असेल, बिनरक्ताचा उपाय थकला असेल किंवा पक्षी ताटात जाणार असेल, तर मारण्याचे समर्थन होऊ शकते. मात्र तेव्हा हत्यार पक्ष्याला लवकर मरण देणारे निवडावे, शिकाऱ्याला आवडणारे नव्हे. जुनी जोडनळी जवळून, योग्य छऱ्यांनी आणि सरावलेल्या हाताने या कसोटीला उतरली तर ती चालेल. नुसत्या तिच्या प्रेमासाठी बार काढायचा असेल, तर मातीच्या चकत्या पुरेशा आहेत.