क्रियापद कोणाचं ऐकतं?

पुन्हा तेच! 'द क्वालिटी ऑफ दीज मँगोज आर गुड.' हे 'आर' कुठून आलं? मँगोज शेजारी बसलेत म्हणून? अरे, चांगला कोण, आंबे की त्यांचा दर्जा? 'ऑफ'पासून पुढचं सगळं शेपूट आहे. शेजारी बसला म्हणून कोणी घरमालक होतो का?

'बाई, घाईत लिहिलं' हे तर मला ऐकवूच नकोस. पाच वाक्यांना वीस मिनिटं होती. त्यातली पंधरा तू खिडकीबाहेर बघत काढलीस.

'देअर आर टू बुक्स ऑन द टेबल.' रेघ कशाखाली? 'देअर'खाली! का, तर तो पहिला आला. दोनातलं एक पुस्तक उचल बरं. 'आर'चं 'इज' झालं ना? 'देअर' मात्र ढिम्म. मग सब्जेक्ट कोण?

'क्लोज द डोअर'मध्ये तू 'डोअर' लिहिलंस. दार स्वतःच स्वतःला लावून घेतं वाटतं तुमच्याकडे? मी 'बस' म्हटलं की कोणी बसायचं हे विचारतोस का कधी? तो न दिसणारा 'यू' तूच आहेस.

आता हे बघ. 'द ग्लास वॉज ब्रोकन बाय रवी.' तुझं उत्तर, रवी. ही चूक कुठून आली तेही मला ठाऊक आहे. मराठीच्या तासाला धातूला 'णारा' लावून 'फोडणारा कोण' विचारायला शिकलास, तेच इथे चिकटवलंस. तिथे ते चालतं. इंग्रजीतला सब्जेक्ट दर वेळी काम करणारा नसतो. रवीच्या जोडीला दहा पोरं उभी कर, 'वॉज' हलणार नाही. ग्लास दोन कर, लगेच 'वेअर' होईल.

आणि 'माझं इंग्रजीच कच्चं' म्हणे! 'रवीने आंबा खाल्ला', 'रवीने भाकरी खाल्ली'. क्रियापद कोणामुळे बदललं? कर्मणी प्रयोग तू झोपेतून उठवलं तरी सांगतोस. म्हणजे क्रियापद कोणाचं ऐकतं, हे तुला कळतं. मग इंग्रजीचं पुस्तक उघडलं की ती नजर कुठे गहाण टाकतोस? कच्चं इंग्रजी नाही रे, बूड कच्चं आहे, एका जागी टिकत नाही.

घे वही. पाचही वाक्यं पुन्हा. आधी क्रियापदाखाली रेघ, मग सब्जेक्ट. आणि तो खोडरबर इकडे दे. काय काय खोडतोस ते मला दिसायला हवं.